तुम्हाला अंगणात उतरवून घेतलं

अहो, तुमची दाढीची पेटी अजून खिडकीत उघडीच आहे. ब्रशाच्या केसांवर साबण वाळून पांढरा, कडक झाला आहे. दोनदा धुवायला घेतला आणि परत ठेवला.

त्या सकाळी तुम्ही खिळ्याला आरसा अडकवून बसला होता. डावा गाल झाला आणि रेझर खाली ठेवून म्हणालात, "गया, थंडी वाजायलीय गं. ऱ्हाऊ दे. उरलेली उद्या करतो." मी म्हणाले, "अर्धी दाढी घेऊन हिंडा गावात. लोक म्हणतील, लय शिकलेला दिसतोय." तुम्ही हसलात. शुद्धीतलं तेवढंच शेवटचं हसणं. बाहेर ऊन भाजत होतं आणि तुमचे दात वाजत होते. मी दोन गोधड्या टाकल्या. साधा ताप आहे, असं तुम्ही म्हणालात. साधा ताप, असं दादाराव भावजी म्हणाले. मीही तेच म्हणत राहिले. पेशीच्या आत काय चाललंय ते ज्या माणसाला दिसायचं, त्याला स्वतःच्या रक्तातलं दिसलं नाही, ते मला कसं दिसावं?

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला ओळखलं नाही. माझ्याच तोंडाकडे बघून मलाच विचारलंत, "गया कुठं गेली?" मी म्हणाले, "मी हितंच हाय." तुम्ही मान हलवलीत, जसं काही मी खोटं बोलते आहे. मग तुमचे हातपाय ताठ झाले. जीप, परभणीचा दवाखाना, सलाइनची बाटली. डॉक्टर म्हणाले, हिवताप डोक्यात चढलाय, उशीर झाला. उशीर कशाला म्हणतात? कालच तर या माणसानं माझ्या हातचा चहा पिऊन, साखर कमी झाली म्हणून कुरकुर केली होती.

मी तुमच्या डाव्या बाजूला उभी होते. तिकडून तुमचा गाल अगदी गुळगुळीत दिसत होता. कुठं लग्नाला निघाल्यासारखा.

लोक येतात, बसतात, "ते वारले" म्हणतात. मला वाटतं, कुणाबद्दल बोलायलेत? रोज दुपारी एस्टीचा भोंगा वाजला की माझी मान रस्त्याकडे वळते. वळल्यावर आठवतं.

लिहायला तुम्हीच लावलंत. पोखर्णीच्या शाळेत माझी चौथी झाली, आणि पुढं धाकट्या भावंडांना सांभाळायला आईनं घरी ठेवून घेतलं. लग्नानंतर तुम्ही औरंगाबादेहून सामान आणायचा ते वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि सांगायचा, कागद चुलीत घालू नको, आधी वाच. मी चार माणसांत बोलत नाही. तोंड उघडायची वेळ आली की पदर तोंडात जातो. तुम्ही म्हणायचा, "बोलू नको, लिही. कागद काय तुझ्याकडं टकमक बघत न्हाई." म्हणून लिहिते आहे. हे कुणी वाचणार नाही. तुम्हीही नाही. आपण बौद्ध, आत्मा वर बसून सगळं बघतो असं मला म्हणता येत नाही. तुम्हीच ते मला पुन्हा पुन्हा समजावलंत. आता त्याची इतकी अडचण होईल असं वाटलं नव्हतं. तरी तुम्हालाच सांगते. दुसऱ्या कुणाला सांगू?

लग्नात तुमचा कोट उसना होता. दादाराव भावजींनी सोनपेठच्या एका मास्तरांकडून मागून आणलेला. बाह्या इतक्या लांब, की हार घालताना मला तुमची बोटंच दिसेनात. बाया मागून म्हणत होत्या, नवरदेवाला हात हायत का न्हाईत?

आणि वर्षाच्या आतच नामांतराचं पेटलं. तुम्ही औरंगाबादेत होता, मी इथं. वाण्यानं वस्तीतल्या माणसांना सामान द्यायचं बंद केलं. विहिरीवरून घागरी रिकाम्या परत यायला लागल्या. तेव्हा थोरल्या जाऊबाई, दादाराव भावजींच्या पत्नी कचराबाई, स्वतःच्या मडक्यातलं मीठ पदरात घालून घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ह्ये अर्धं तुझं. अळणी खायची सवय लावून घेऊ नको, त्येच पाहिजे त्यांना." ते मीठ मी विसरले नाही. म्हणूनच पुढचं सगळं मला जास्त लागलं.

तुम्ही आलात ते डोक्याला पट्टी बांधून. नवी नवरी मी, भीत भीत विचारलं, "एका नावानं काय व्हतंय?" तुम्ही चिडला नाहीत. म्हणालात, "नावानं पोट भरत न्हाई. पण दुसऱ्यानं ठेवलेलं नाव घेऊन आपण किती पिढ्या हिंडलो, ते तुझ्या आज्याला इचार." मला ते पटलं. इतकं पटलं की पुढं एकदा मी तेच उचलून तुमच्याच अंगावर फेकलं. त्याच्यावरून सुरू झालेलं आपलं भांडण अजून मिटलेलं नाही.

पुढं तुम्ही नोकरीला हैदराबादेला गेलात. तिथं तुमच्याजवळ एक हिवाळा राहिले, तेवढाच आपला भरलेला संसार. एक खोली, एक स्टोव्ह, आणि खाली दिवसभर पतंगाचा मांजा सुतणारी पोरं. तुम्ही मला प्रयोगशाळेत घेऊन गेलात तेव्हा मी नवी चप्पल दाराबाहेर काढायला लागले आणि तुम्ही हळूच म्हणालात, "देऊळ न्हाई हे. घाल." तुमच्याबरोबर काम करणारे राव तिथं होते. ते मला त्यांच्या तेलुगूत वदिना म्हणायचे, म्हणजे वहिनी. तुम्ही मला सूक्ष्मदर्शक यंत्रावर वाकवलंत आणि म्हणालात, एक डोळा मीट. मी दोन्ही मिटले. राव हसले. मग दिसलं. काचेच्या बशीत भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या फिकट पेशी, एकमेकींना चिकटून बसलेल्या. आणि मधेच एखादी निळी. कपड्यांच्या बादलीत तळाशी निळीचा खडा न विरघळता राहतो ना, तशी निळी.

"ह्ये निळं काय हाय?"

"तिथं तो शिरलाय."

"कोण?"

मग तुम्ही खोलीवर आल्यावर, मी भाकरी थापत असताना सगळं सांगितलंत. विषाणूला स्वतःची चूल नसते. तो दुसऱ्याच्या पेशीत शिरतो आणि तिच्याच चुलीवर आपला स्वयंपाक करतो. त्यातही हा माकडातला विषाणू फार चतुर. आपला मजकूर उलटा लिहून काढतो आणि पेशीच्या पोथीत पान शिवल्यासारखा शिवून टाकतो. मग पेशी आपली पोथी वाचता वाचता त्याचंही पान वाचते आणि त्याची पिल्लं घडवत बसते. एकाची दहा, दहाची हजार. अशा गर्दीत कोण कुठून आला, कुणाची पायरी कुठं चुकली, काही कळत नाही. म्हणून तुम्ही त्याच्या पोटातला मजकूर काढून घेतलात आणि तिथं निळा रंग आणणारं पान बसवलंत. वरचा अंगरखा दुसऱ्या पेशींकडून उसना शिवून घेतलात. असा तो एकदाच आत शिरतो. आपलं पान शिवतो. पेशी निळी होते. पण नवा अंगरखा शिवायची विद्या त्याच्याजवळ उरलेली नसते, म्हणून बाहेर पडून दुसरीकडे जाता येत नाही. जितके निळे ठिपके, तितक्या वेळा तो शिरला. एखादं औषध घालून बघायचं. ठिपके कमी झाले तर समजायचं, शिरण्यापासून पान शिवण्यापर्यंत कुठंतरी त्याला अडवलंय.

मी म्हणाले, "मंजी तुमच्यासारखाच की. अंगरखा उसना. आन् एकदा शिरला की निघायचं नाव न्हाई."

तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. दुसऱ्या दिवशी जाऊन रावांना सांगितलंत. तेही हसले म्हणे.

त्याच हिवाळ्यात आपण तिथल्या मोठ्या दवाखान्यात गेलो. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, गावात मला इलाज सांगून सांगून लोक थकले होते. आधी माझी तपासणी झाली. मग डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला एकट्याला आत बोलावलं. रस्त्यावर आल्यावर, रिक्षांच्या गोंगाटात, माझ्याकडे न बघता सांगितलंत, "तुझ्यात काही न्हाई गया. दोष माझ्यात हाय." थोडं चालून गेल्यावर म्हणालात, "गावी गेलो की सांगून टाकतो."

"कुणाला? पंचायतीला?"

"सगळ्यांना. तुला वांझ म्हणत्यात ते. इतकी वर्षं म्हणायलेत."

"मला सवय झालीय. तुमाला न्हाई. ते तुमाला सोसायचं न्हाई."

काही दिवसांनी प्रयोगशाळेत विषाणूच्या नळीकडे बघत मला म्हणालात, "गया, दोष हाय म्हणूनच तो कामाचा हाय. अख्खा असता तर त्याला असा हातात धरता आला नसता. त्याचा दोष, माझा दोष, आमची जोडी झाली." तुम्ही थट्टेत काढत होता. तुमचा आवाज थट्टेचा नव्हता.

मी कशाकशातून मागं सरले ते तुम्हाला माहीत होतं. ओटीला मला बोलावणं नाही. बाळंतिणीच्या खोलीत मी जायचं नाही. नव्या बाळाला मांडीवर घेतलं की कुणीतरी काहीतरी निमित्त काढून उचलून नेणार. आपण देव सोडले, उपास सोडले, अंगारे सोडले, पण एवढं एक वस्तीतून गेलं नाही.

आणि मग ती जयंती. विहारापुढं मांडव, सगळी वस्ती बसलेली. दादाराव भावजी पहिल्या रांगेत, छाती काढून, चुलतभाऊ बोलणार म्हणून. तुम्ही साध्या भाषेत सांगत होता. माकडातला विषाणू, माणसात जो नवा रोग आलाय आणि एस्टी स्टँडवर ज्याचा फलक लावलाय, त्याच्याच भावकीतला. मांडवात चुळबूळ झाली. तुम्ही म्हणालात, "घाबरू नका. आमी त्याला वांझ केलाय. शिरतो, पण त्याला पोरं व्हत न्हाईत."

बायांच्या घोळक्यातून कचराबाई म्हणाल्या, "मंजी आपल्या गयाबाईसारखाच म्हणा की!"

सगळ्या हसल्या. वाईट मनानं नाही, मला माहीत आहे. हसायची जागा आली म्हणून हसल्या. मीसुद्धा हसले, सवयीनं. तुम्ही तिकडून पाहिलंत आणि पुढचं वाक्य विसरलात. भाषण तिथंच आवरलंत.

घरी आल्यावर मी ताट वाढलं आणि बोलले नाही. तुम्ही म्हणालात, "अगं, तो शब्द मी विषाणूला म्हणलो."

"शब्दाला काय कळतंय, तो कुणासाठी हाय ते?"

"मग दुसरा कोणता वापरू?"

"ते मला काय ठावं? दुसऱ्यानं ठेवलेलं नाव घेऊन हिंडणं काय असतंय, ते तुमीच मला सांगितलं व्हतं."

तुमचा घास हातातच राहिला. मग म्हणालात, "आता मी सांगतोच. पुढच्या कार्यक्रमात उभा राहून सांगतो, दोष कुणात हाय ते."

"न्हाई सांगायचं. शपथ हाय माझी."

"मी शपथ मानत न्हाई."

"मी मानते."

तुम्ही हैदराबादेला गेलात, आणि आता विजयादशमीला आलात ते मनाशी ठरवूनच. आल्या आल्या, पाय धुतानाच म्हणालात, "उद्या विहारात सांगणार हाय." आपण चहावर भांडलो, जेवताना भांडलो. "तू मला खोटं जगायला लावतीस." "मी तुमाला मानानं जगायला लावते." "तुझा मान इकून?" मी त्याला उत्तर दिलं नाही. तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपलात. सकाळी त्याच कार्यक्रमासाठी आरसा अडकवून दाढीला बसलात.

मला उत्तर सुचलं आहे आता. पण ते राहू द्या.

काल राव आले होते. हैदराबादेहून रेल्वे, मग एस्टी, मग वस्तीपर्यंत पायी, विचारत विचारत. उन्हानं लाल झाले होते. दारात उभे राहून, "वदिना," एवढंच म्हणाले आणि रडायला लागले. मी त्यांना पाणी दिलं. मग त्यांच्या हिंदीत सांगत बसले. निघताना तुम्ही त्यांच्याकडे एक बशी सोपवली होती, दोन दिवसांनी रंग द्या म्हणून. त्यांनी दिला. "बहुत अच्छा नीला आया, वदिना. इतना साफ कभी नहीं आया था." मी विचारलं, कोणत्या दिवशी? त्यांनी बोटं मोजली आणि सांगितलं. तो तोच दिवस. इकडे तुम्ही मला विचारत होता, गया कुठं गेली, आणि तिकडे तुमची बशी निळी होत होती.

मी हे ऐकलं आणि मला काहीच झालं नाही. राव गेल्यावर भांडी घासताना एकदम हात थांबले.

आता तुम्हाला ते सांगायचं आहे, जे मी इतकं लिहून अजून टाळते आहे. तुम्हाला घरी आणलं त्या सकाळचं.

दवाखान्यात वॉर्डातल्या माणसानं भावजींना विचारलं, काय काम करायचे हे? भावजींनी अभिमानानं सांगितलं, "माकडाच्या रोगावर शोध लावायचे, हैदराबादेत." तो माणूस मागं सरकला. मी ते पाहिलं, पण तेव्हा मला कशाचाच अर्थ लागत नव्हता. परतीच्या जीपमध्ये भावजी पुढं, ड्रायव्हरजवळ बसले. मागं तुम्ही आणि मी. सोनपेठ मागं पडल्यावर माझ्या ध्यानात आलं, की मागच्या बाकावर दोन माणसांची जागा रिकामी आहे.

बातमी आपल्या आधी पोचली होती. जीप अंगणापुढं थांबली. वस्ती सगळी होती, पण लांब, पिंपळाच्या पलीकडं. लेकरांना घरात कोंडलेलं. भावजी उतरले, दस्ती नाकाला बांधली आणि मोठ्यानं म्हणाले, "उतरवायचं न्हाई. गाडीतूनच नदीकडं नेऊ. हितं लेकरंबाळं हायत."

कुणीतरी विचारलं, "डॉक्टर काय म्हणला?"

"म्हणला हिवताप. डॉक्टर काय खरं सांगत्यात व्हय? त्यो माकडाचाच असणार. ते माणूस दिसभर असल्या रोगात हात घालून बसायचं."

माणसांनी माना डोलवल्या. तुम्हाला आंघोळ घालायला कुणी पुढं आलं नाही. पांढरं कापड आणलं होतं, ते लांबच्या दगडावर ठेवलेलं.

मला तुम्हाला सांगता येणार नाही ते कसं वाटलं. वाण्यानं दार लावलं होतं तेव्हा आपण म्हणायचो, परकी माणसं आहेत. ही परकी नव्हती. यांनी आपल्याशी मीठ वाटून खाल्लं होतं. हात लावायचा नाही, घरात घ्यायचं नाही, सावली नको: हे सगळं ज्यांच्या आज्या-पणज्यांनी सोसलं, तेच आज तुमच्यापासून मागं सरले होते. आणि तुम्ही जीपमध्ये, पाय बाहेर आलेले, गोधडी घसरलेली. मी गोधडी नीट केली. मला वाटलं, तुम्ही आता उठून यांना समजावाल. चार साध्या शब्दांत, हसून. तुम्हाला किती छान यायचं ते. मी खरंच वाट पाहिली. थोडा वेळ.

मग मी उतरले. पदर डोक्यावरून गेला होता, तो सावरला नाही. भावजींशी मी लग्नापासून समोरासमोर बोलले नव्हते. तोंड उघडलं तर आवाज आला नाही. परत उघडलं.

"भावजी, हिवतापानं गेलेत ते. हिवताप हात लावल्यानं व्हत न्हाई."

"गया, तू गप ऱ्हा. तुला कळत न्हाई त्यातलं."

"कळतंय. जयंतीला तुमी पुढंच बसला होता. काय म्हणले होते ते, सांगा."

भावजी खाली बघायला लागले.

"बाई, मग तुमी सांगा." मी कचराबाईंकडे वळले. "तुमी काय म्हणला होता? सगळ्या हसल्या होत्या. कशाला हसल्या?"

कचराबाईंनी पदर तोंडात धरला.

"मी सांगते. ते म्हणले, आमी त्याला वांझ केलाय. शिरतो पण त्याला पोरं व्हत न्हाईत. एकाचं दुसऱ्याला जात न्हाई. आन् तुमी म्हणला, गयाबाईसारखाच. खरं म्हणला. माझ्यासारखाच हाय तो." माझा आवाज मलाच लांबून ऐकू येत होता. "मी इतकी वर्षं तुमच्यात ऱ्हायले. तुमच्या सुनेच्या वटीला मला बोलावलं न्हाई, माझं लागंल म्हणून. तिचं पोरगं माझ्या मांडीवरनं उचललं. सांगा बाई, लागलं का? कुणाला लागलं माझं?"

कुठंतरी कोंडलेलं लेकरू दार वाजवत होतं. ड्रायव्हर हळूच म्हणाला, "ताई, मला परत जायचंय," आणि परत गप्प झाला.

कचराबाई आधी हलल्या. पिंपळाखालून सरळ चालत आल्या, दगडावरचं पांढरं कापड उचललं, आणि माझ्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "उतरवा. माझ्या दिराला रस्त्यावरनं नेणार व्हय?"

भावजींनी दस्ती सोडली. खिशात घातली नाही, तशीच हातातून पडली. ते जीपच्या मागं आले आणि तुमचे पाय धरले. मग बाकीचे आले. कोण कोण आलं ते मी पाहिलं नाही. तुम्हाला अंगणात उतरवलं, फळीवर ठेवलं, पाणी तापवलं.

आंघोळ घालताना भावजी तुमच्या तोंडावरून हात फिरवत होते आणि थांबले. डाव्या गालावरून उजव्या गालावर हात गेला, परत डाव्यावर आला.

"गया, ही दाढी अशी कामून?"

"थंडी वाजली म्हणून ठिवली. उद्या करतो म्हणले."

भावजी म्हणाले, "पेटी आण. अर्धा माणूस न्यायचा का?"

मी पेटी आणली. भावजींनी कधी दुसऱ्याची दाढी केलेली नाही. गडव्यातल्या पाण्यात ब्रश बुडवून तुमच्या गालावर फेस केला, फार केला, कानात गेला तो बोटानं पुसला. लहानपणी तुम्हाला नदीवर आंघोळ घालायचे म्हणे, तसं हनुवटी धरून तोंड वर केलं. पातं बदलताना त्यांचा अंगठा कापला. भळकन रक्त आलं. सगळ्यांनी पाहिलं. भावजींनी अंगठ्याकडे बघितलं, धोतराला पुसला, आणि उरलेला गाल पुरा केला.

त्रिसरण झालं, पंचशील झालं. तुम्हाला खांद्यावर नेलं. खांदा बदलायला इतकी माणसं, की नदीपर्यंत कुणाच्या वाट्याला नीट आलंच नाही.

आता तुमचं माझं उरलंय.

सगळी वस्ती ऐकत होती. सांगायचं होतं तर तीच वेळ होती. दोष कुणात आहे ते एका वाक्यात सांगून झालं असतं, आणि तुम्हाला हवं तसं झालं असतं. मी सांगितलं नाही. जो शब्द तुम्ही बोललात म्हणून मी तुमच्याशी भांडले होते, तोच मी आपण होऊन अंगावर घेतला, चारचौघांत, मोठ्यानं. माझी शपथ मीच पाळली. तुम्ही चिडाल, मला ठाऊक आहे. म्हणाल, गया, तुझा मान इकून मला उतरवून घेतलंस.

त्याचं उत्तर मला सुचलं होतं असं वर लिहिलं आहे. ते हे: तो माझा होता, मी कुठंही खर्च करीन. या, भांडा यावर. मी चहा टाकते, साखर जास्त घालते.

संध्याकाळी कचराबाई पिठलं-भाकरी घेऊन येतात, इथंच माझ्या ताटात जेवतात, माझ्या रांजणातलं पाणी पितात. त्या शब्दाबद्दल त्या बोलल्या नाहीत, मीही नाही. आज ब्रश बघून म्हणाल्या, "धुऊन ठेव गं, केस कडक व्हतील."

कडक होऊ देत. त्याच्यावरचा साबण तुमच्या हातचा नाही. नाकाची दस्ती सोडलेल्या भावजींच्या हातचा आहे.